एल्सीच्या कानावर हक्क माझा

मी जिवाणू बोलतोय, एल्सीच्या नाकातला जुना रहिवासी. नाक मुरडू नका, तेच माझं घर आहे!

चार वर्षांची ही पोर अमेरिकेतल्या मिनेसोटातली. दर हिवाळ्यात तिला सर्दी झाली की आम्ही भाऊबंद नाकामागच्या बारीक वाटेनं तिच्या कानात शिरायचो. पडद्यामागे पाणी साचायचं, पोरीला ऐकू येईनासं व्हायचं आणि घरभर आमचीच चर्चा! शेवटी डॉक्टरांनी पडद्याला भोक पाडून तिळाएवढी नळी बसवली. साचलेलं वाहून गेलं, पोर ऐकू लागली आणि मी गप्प बसलो.

पण त्या नळीनं बाहेरून दार उघडलं ना! उन्हाळ्यात सगळे तळ्याकाठच्या घरी आले. आजोबा ऑर्विल तर नातीला तळ्यावरच्या लून पक्ष्याची रडल्यासारखी लांबलचक साद ऐकवायची म्हणून वर्षभर वाट बघत होते.

"बाबा, कानात बोळे घातल्याशिवाय हिला पाण्यात सोडू नका हं," गावात जाताना तिच्या आईनं, ब्रिटानं, बजावलं.

"अगं, बोळे घालून कुणी धक्क्यावरून उडी मारतं का? तूही इथंच पोहायला शिकलीस!"

ब्रिटाची पाठ वळली आणि पोरीनं उडी ठोकली. खोल बुडी मारून ती वर आली, ती तळ्याच्या पाण्यातल्या एका उपटसुंभ हिरव्या जिवाणूला कानात घेऊनच. ना सर्दी, ना खोकला, थेट दारातून आत! माझा नुसता जळफळाट झाला.

लवकरच कानातून हिरवट पू वाहू लागला. संध्याकाळी लून ओरडला. आजोबांनी आशेनं नातीकडे बघितलं. ती वाळूत खेळतच राहिली.

आजोबा हबकले. फ्रीजमध्ये मोठ्या नातवाचं उरलेलं, जिवाणू मारायचं गुलाबी औषध होतं, लहान मुलं असलेल्या प्रत्येक घरात असतं तेच. ते त्यांनी पाजलं. आणि अन्याय बघा! नाकातले माझे भाऊबंद पटापट मेले, मी कसाबसा वाचलो, आणि त्या हिरव्याला काही म्हणजे काही झालं नाही. केलं त्यानं, भोगलं आम्ही!

"बाबा, काय पाजलंत तिला?" ब्रिटा कडाडली.

"गुलाबी औषध. तुलाही तेच द्यायचो."

"तिच्या कानात नळी आहे! औषध कानातच घालायला हवं. आणि बोळे कुठे होते?"

आजोबांनी मान खाली घातली. "चुकलो गं. तिला ऐकू तर येईल ना?"

डॉक्टरांनी कान साफ करून थेंब दिले. आजोबा रोज तिला कुशीवर निजवायचे, थेंब घालायचे आणि कानाच्या भोकापुढचा उंचवटा हलकेच दाबून ते आत उतरवायचे. हिरवा संपला. मला कोण आनंद झाला!

मग एका संध्याकाळी दोघं धक्क्यावर बसली असताना एल्सी एकदम थबकली.

"आजोबा, तिकडे कोण रडतंय?"

लून ओरडत होता. आजोबांनी तिला घट्ट जवळ घेतलं.

मी आता नाकात एकटाच आहे. माझं एवढंच म्हणणं, निवाडा तरी सारखा करा. आम्ही कानात शिरलो तर औषधं घातलीत. तो पक्षीही पलीकडच्या काठावरून न विचारता त्याच कानात शिरला. आणि हा म्हातारा डोळे पुसत त्याला म्हणतोय, "ओरड रे राजा, पुन्हा एकदा ओरड!"