बंद काचांची गाडी

कॅन्सरनं गणपतरावांच्या गालाला भोक पडलं आणि पुण्याच्या दवाखान्याच्या खेपा सुरू झाल्या. राधानगरीहून सकाळच्या पहिल्या गाडीनं कोल्हापूर, तिथून लाल एसटीनं पुणं आणि उपचार झाला की त्याच वाटेनं माघारी. सीटचा दांडा पाठीत रुतायचा. खड्डा आला की जबडा हलायचा आणि ते डोळे घट्ट मिटून घ्यायचे. त्यांची बायको बायडाबाई त्यांना कायम खिडकीशी बसवायची आणि काच पार मागं सारायची. ऊन असो, पाऊस असो, काच उघडीच. जखमेला वास यायचा. वारा लागला की तो बाहेरच्या बाहेर जायचा. शेजारी ती स्वतः बसायची, आणि तिला आता तो वास जाणवतही नव्हता.

गावच्या दूध संस्थेत गणपतरावांचा आवाज मोठा होता. दारात उभं राहून ते बोलले की ओढ्यापलीकडं ऐकू जायचं. आता शब्द गालातनंच निसटायचे. समोरचा माणूस "काय म्हणालासा?" असं दोनदा विचारतो हे लक्षात आल्यावर त्यांनी गावात बोलणंच टाकलं.

त्यांची लेक मोना पुण्यात नोकरीला होती. मागच्या खेपेला स्टँडवर तिनं बापाला एसटीतनं उतरताना पाहिलं. पाय सुजून भोपळ्यासारखे झालेले, पाठ सरळ होईना. पुढच्या खेपेआधी तिचा फोन आला.

"आई, आता त्या डबड्यातनं यायचं न्हाय. मी एसी गाडीचं बुकिंग केलंय. सीट मागं पडतंय, पायाला टेकू हाय. आबांनी आरामात झोपून यायचं."

"खिडकी हाय न्हवं?" बायडाबाईनं विचारलं.

"हाय की. मोठी काच हाय."

कोल्हापुरात गाडीत चढल्यावर गणपतराव सीटवरनं हात फिरवत राहिले. बायडाबाईनं बाजूची कळ दाबली, तशी सीटची पाठ हळूच मागं गेली. त्यांनी पाय लांब केले. कितीतरी दिवसांनी त्यांच्या डोळ्यांत हसू दिसलं.

"घरच्या गादीपरास भारी हाय की," ते म्हणाले. तिला कळलं.

तिनं काचेची कडी शोधली. वर बघितलं, खाली बघितलं, पडद्यामागं हात घातला. काच एकसंध होती. उघडायची सोयच नव्हती.

गाडी महामार्गाला लागली. गणपतरावांना खरंच झोप लागली. किणीचा टोलनाका मागं पडेपर्यंत गार वाऱ्याबरोबर वास सगळ्या गाडीत फिरला होता. मागच्या एकानं रुमाल लावला. दुसऱ्यानं क्लीनरला हाक मारली. क्लीनर चाळिशीचा माणूस होता. तो एकेका सीटखाली वाकून बघत आला.

"मावशी, पिशवीत मासळी हाय काय?"

"न्हाय. मालकांच्या तोंडाला जखम हाय. दवाखान्याला चाललोय."

तो ओशाळला. पुढं जाऊन त्यानं अत्तराचा फवारा आणला आणि गाडीभर मारला. त्यानं आणखीच बिघडलं. गुलाब आणि तो वास एकत्र होऊन लोकांच्या डोक्यात जाऊ लागला. पुढच्या सीटवर पोटुशी बाई होती. तिला उमासे यायला लागले. तिचा नवरा उठून मागं आला. हात जोडूनच आला.

"काकू, राग मानू नका. हिला सातवा महिना हाय. सकाळपासनं पाण्याचा घोटबी ठरत न्हाय."

"मी काय करू सांग, बाबा? काच उघडत न्हाय."

क्लीनर म्हणाला, "मागं शेवटच्या सीटवर बसा." मागच्यांनी ते ऐकलं आणि तिथनं कुरकुर सुरू झाली. तेवढ्यात ती बाई भडाभडा ओकली.

गणपतराव जागे झाले होते. कधीपासून, ते बायडाबाईला कळलं नव्हतं. दांडा धरून ते उभे राहिले.

"थांबवा."

कुणाला समजलं नाही. ते पुन्हा म्हणाले. तिसऱ्यांदा त्यांनी संस्थेच्या दारातला आवाज लावला, तेव्हा गालावरची पट्टी सुटून लोंबकळली. गालाचं ते भोक सगळ्यांना दिसलं.

पेठ नाक्यावर गाडी थांबली. क्लीनरनं पिशवी खाली दिली, पाण्याची बाटलीही दिली. बसा, असं कुणी म्हणालं नाही.

रस्त्याच्या कडेला बायडाबाईनं पट्टी नीट बांधली.

"लाल गाडी येईल आता. तिनं जाऊ. आज सुई द्यायची हाय."

गणपतराव पलीकडच्या बाजूला बघत होते. तिकडनं कोल्हापूरच्या गाड्या जात होत्या.

"घरला," ते म्हणाले.

"अवो, आन दवाखाना?"

"गाडीतल्या त्या पोरीचं काय चुकलं?"

"मग तुमचं काय चुकलं?"

त्यांनी विचार केला. "माझंबी न्हाय," ते म्हणाले. "पन वास माझाच हाय."

पुण्यात मोना वाट बघत होती. बायडाबाईनं तिला फोन लावला, आबांना ताप आला म्हणून अर्ध्यातनं माघारी फिरलो, असं सांगितलं.

"गाडी तरी बरी हुती का गं?"

"लई बरी हुती. झोप लागली त्यास्नी."

पुढच्या खेपेची तारीख आली आणि गेली. मोना घरी येऊन रडली, रागावली, स्वतंत्र गाडी करते म्हणाली. गणपतराव नुसती मान हलवत राहिले. ती परत गेल्यावर त्यांनी आपली खाट गोठ्यात न्यायला लावली. बायडाबाई आडवी आली.

"म्हशीला वासाचं काय न्हाय," ते म्हणाले.

दोन दिवस तिनं जेवण तिकडं नेलं. मग आपलं घोंगडं उचललं आणि खाटेशेजारी अंथरलं. त्यांनी जा म्हणून हात केला. ती भिंतीकडं तोंड करून पडून राहिली.

गोठ्यात ते बोलायला लागले. संस्थेतली भांडणं, कुणी दुधात पाणी घातलं, कुठली म्हैस कुणी फसवून विकली. निम्मं तिला कळायचं नाही, तरी ती हुंकार द्यायची. तालुक्याचे डॉक्टर दुखणं थांबवायच्या गोळ्या देऊन जायचे. भातलावणीच्या दिवसांत गोळ्याही पुरेनात.

ते गेले, त्या सकाळी म्हशीनं दूध दिलं नाही, असं शेजारणी पुढं सांगत राहिल्या. कुणी विचारलं तर बायडाबाई म्हणायची, तसं काय न्हवतं. दूध दिलं तिनं. रोजच्याएवढंच दिलं.