होबार्टहून घातलेले टाके

टॅम्सिन क्वेलच्या प्रयोगशाळेत बघण्यासारखं फार काही नव्हतं. डोळ्यांवर चढवायचा जाड चष्मा, तारा जोडलेले हातमोजे आणि खिडकीतून दिसणारी डरवेंट नदी. खरं यंत्र दूर अंटार्क्टिकाच्या तळावर होतं. तिथले दोन यांत्रिक हात बर्फाचे नाजूक नमुने हाताळायचे आणि ते हलवणारा माणूस हजारो किलोमीटर दूर होबार्ट शहरातल्या विद्यापीठात बसलेला असायचा.

घोडं अडायचं ते उशिरापाशी. इथे बोट हललं, तरी तिथलं चित्र उपग्रहावरून परत यायला जवळजवळ सेकंद जायचा. तेवढ्यात माणूस गोंधळून हात पुढे रेटायचा, कित्येकांना मळमळायचंसुद्धा. टॅम्सिनने उमेदीची वर्षं यावर घालवली. तळावरच्या खोलीची हुबेहूब आभासी खोली तिने उभी केली. माणसाने त्या खोलीत काम करायचं, खरे हात मागाहून तेच करणार. दोन्हींत केसभर फरक पडला, की यंत्र आपसूक थांबणार.

"तुझं यंत्र फार भित्रं आहे गं," सहकारी चिडवायचे.

"असू दे. मीच तसं केलंय," ती म्हणायची.

ऐन हिवाळ्यात तळावरची एकुलती एक डॉक्टर रोविना हिचा उजवा तळवा फुटक्या काचेने खोलवर चिरला. मधलं बोट वाकवणारी कंडरा, म्हणजे स्नायूची दोरी, तुटली. विमान उतरणं शक्य नव्हतं, आणि डाव्या हाताने टाके घालणं तिला जमेना. तिनेच टॅम्सिनला विचारलं, "तुझे ते हात सुई धरतील?"

टॅम्सिनने हाताच्या शस्त्रक्रिया करणारे सर्जन कालीगेरिस यांना बोलावून घेतलं. तळावरच्या आचाऱ्याने डुकराचं मांस मांडून दिलं आणि डॉक्टरांनी होबार्टहून त्यावर दिवसभर टाके घातले. सुरुवातीला शिव्या दिल्या. संध्याकाळपर्यंत गुणगुणू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोविनाने स्वतःच तळव्यापुरती भूल टोचून घेतली आणि हात फळीवर बांधून घेतला. कालीगेरिस शिवू लागले. कंडरेची दोन टोकं जुळत आली, तोच यंत्र थांबलं.

"आता काय झालं? माझी सुई तर बरोबर आहे."

"तुमची आहे, तिथली नाही. थांबा, डॉक्टर."

चित्र आलं. थंडीने रोविनाचा हात शहारला होता. सुई पुढे गेली असती, तर शेजारच्या नसेत शिरली असती. टॅम्सिनने आभासी तळवा खऱ्यावर पुन्हा नीट बसवला. तोवर आचाऱ्याने रोविनाच्या दंडावर घोंगडी टाकली.

"चला आता," टॅम्सिन म्हणाली.

कालीगेरिस पुन्हा कामाला लागले. त्यांनी त्या यंत्राबद्दल पुन्हा तक्रार केली नाही.

शेवटची गाठ बसली. "रोविना, मधलं बोट किंचित वाकव. जोर नको."

बोट वाकलं. थोडंसंच, पण स्वतःच्या बळावर.

"शाब्बास," म्हणत कालीगेरिसनी शेजारी हात लांबवला, तिच्या खांद्यावर थोपटायला. हात हवेतच राहिला. त्यांनी चष्मा काढला आणि रिकाम्या जागेकडे बघत राहिले.

"इथे होती गं ती," ते म्हणाले. "मी तिच्याशेजारी बसलो होतो."

टॅम्सिनने आधी यांत्रिक हात रोविनापासून अलगद दूर घेतले, जागेवर ठेवले आणि मगच रुमाल शोधला.