लाकडी इंजिन

“हळू सोड. अजून हळू,” खुर्चीत बसलेला हरिचंद्र म्हणाला आणि खोकायला लागला.

खोकला थांबेपर्यंत बुद्धभूषणने साखळी धरून ठेवली. शेडच्या आढ्याला टांगलेलं डिझेल इंजिन गाडीच्या तोंडावर अधांतरी लटकत होतं. उल्हासनगरच्या टेकचंद भंगारवाल्याने ते सकाळीच टेम्पोतून आणून उतरवलं होतं. जाताना गाडीभोवती एक चक्कर मारून तो म्हणाला होता, “बॉडी एक नंबर है भूषणभाई, एकदम फॉरेनची वाटते. पण हिच्यात डिझेल? घोड्याला रेड्याचं काळीज लावता काय?”

“लागू दे की. चढ तर चढेल,” हरिचंद्र म्हणाला होता.

बदलापूरजवळ सोनिवलीला एका शेताच्या कडेला ही पत्र्याची शेड होती. तिथे दोघांचे कितीतरी रविवार खाऊन ही बुटकी, लाल, दोन सीटची गाडी उभी राहिली होती. भूषण अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर. जो भाग लोखंडात ओतायचा, तो आधी लाकडात घडवायचा. हरिचंद्र तिथलाच वेल्डर. हरिचंद्रची बायको कौसाबाई या गाडीला सरळ सवत म्हणायची, आणि सवतीला द्यावेत तसे शिव्याशापही द्यायची.

आधीचं पेट्रोल इंजिन जाम झालं तेव्हा हरिचंद्रनेच डिझेलचा हट्ट धरला. टेकचंदच्या गोडाउनमध्ये बसून भूषणने त्याच्याच साध्या टेपने मापं घेतली आणि धंद्याच्या सवयीने इंजिन, मागचा गिअरबॉक्स, सगळं शिवणीच्या लाकडात बनवलं. ते लाकडी इंजिन गाडीत ठेवून हरिचंद्रने त्याच्याभोवती बैठका वेल्ड केल्या. खरं इंजिन आलं की नुसतं उतरवायचं आणि बोल्ट आवळायचे, असा बेत होता. बेत झकास होता. पण आयुष्यभर वेल्डिंगचा धूर खाल्लेली हरिचंद्रची फुप्फुसं मध्येच संपावर गेली. आता घरी न्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. आज चार वाजता भावाची जीप त्याला गावी न्यायला येणार होती. तो परत येणार नाही, हे सगळ्यांना माहीत होतं.

“एकदा स्टार्ट झालेली ऐकू दे, मग कुठं न्यायचं तिथं ने मला,” असं बायकोला सांगून तो तिला घेऊन रिक्षाने इथवर आला होता.

इंजिन खाली टेकलं. पुढचे दोन्ही पाय बैठकीवर बसले. भूषण गाडीखाली सरकला. मागची भोकं जुळत नव्हती. त्याने पहार लावून रेटून पाहिलं. सगळं उचलून पुन्हा बसवलं. फरक चांगला अर्ध्या इंचाचा होता. तो बाहेर आला तेव्हा रडकुंडीला आला होता.

“काय झालं?”

“मागची बैठक कापून परत मारावी लागेल.”

“मग वेल्डिंगचा होल्डर दे इकडं.”

“अहो, नका ना,” कौसाबाई म्हणाली. पण तो उठलाच. त्याने कशीबशी बैठक कापायला घेतली. एक ठिणगी उडाली, लखलखाट झाला, आणि पाठोपाठ असा खोकला आला की होल्डर हातातून गळून पडला. कौसाबाईने त्याचं तोंड पुसलं आणि पदराला जे लागलं ते घडीत लपवलं.

“मी बदलापुरातून वेल्डर आणतो. तासाभरात करून देईल,” भूषण म्हणाला. तो चपला घालत असतानाच वरचा बल्ब गेला. लोडशेडिंग. आता लाइट संध्याकाळशिवाय येणार नव्हती. भूषण एक चप्पल घालून तसाच उभा राहिला.

मग करण्यासारखं काही उरलं नाही म्हणून त्याने पिशवीतून पट्टी काढली आणि कोपऱ्यातल्या लाकडी इंजिनाला लावली. गोडाउनमध्ये घेतलेलं माप बरोबर निघालं. तीच पट्टी खऱ्या इंजिनाला लावली, तर चुकीचं. तेव्हा कुठे त्याने हातातल्या पट्टीकडे नीट पाहिलं. ती फाउंड्रीतली पट्टी होती. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न मुद्दाम थोडा मोठा करतात, आणि त्यासाठी पॅटर्नमेकरच्या पट्टीवरचा इंचच बाजारातल्या इंचापेक्षा जरा लांब असतो. त्या पट्टीवर त्याचं आयुष्य गेलं होतं. लाकूड समोर आल्यावर हात आपोआप तिच्याकडेच गेला होता.

“हऱ्या,” तो म्हणाला, “अरे, ही पट्टी...”

हरिचंद्रने पट्टीकडे पाहिलं. एकाच फाउंड्रीत दोघांचे केस पिकले होते. त्याला सांगायची गरज नव्हती.

“वेल्डिंगनं ओढलं असणार,” तो कौसाबाईला ऐकू जाईल असं म्हणाला. “तवा माझा हात थरथरत होता. चूक माझीच हाय.”

वेल्डिंगने लोखंड ओढतं हे खरं. पण अर्धा इंच ओढत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

“नाही रे, ऐक तरी...”

“ठेव ती पिशवीत.”

त्याने आईबहिणीवरून चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं भूषणला वाटलं. त्याने पट्टी पिशवीत टाकली आणि बाहीने डोळे पुसले.

“भूषण, लाकडी बसतंय ना तिच्यात?”

“ते बसणारच.”

“मग बसव की. रिकामी नको.”

भूषणने साखळी ओढून डिझेल इंजिन वर काढलं आणि बाजूला जमिनीवर ठेवलं. लाकडी इंजिन उचलून गाडीत ठेवलं. बोल्ट हातानेच आत गेले. त्याने ते पान्याने आवळले, बॉनेट लावलं आणि फडक्याने पुसलं. मग हरिचंद्रला काखेत धरून सीटवर बसवलं. हरिचंद्रने स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले, आरसा ठीक केला.

“ब्रेक लागतात ना भाऊजी?” कौसाबाईने विचारलं.

“लागतात, वहिनी.”

तिने पदर खोचला आणि सवतीला मागून हात लावला. दुसऱ्या बाजूने भूषणने जोर लावला. गाडी शेडबाहेर आली आणि उताराला लागली. मग ढकलावी लागली नाही. ती आवाज न करता बारवी धरणाच्या रस्त्याकडे निघाली. धापा टाकत दोघं मागे उभी राहिली.

खाली वळणावर रस्ता पार मोकळा होता. तरी हरिचंद्रने उजवा हात बाहेर काढला, वळत असल्याची खूण केली आणि गाडी वळवली.