वायर न लावता

जुन्या तारा कापून त्याने त्यांचं भेंडोळं केलं, आणि ते टाकायला इलेक्ट्रिक गिटारीच्या पेटीतला कप्पा उघडला तेव्हा ते पत्र पुन्हा हाताला लागलं. गेल्या हिवाळ्यात आलेलं. उत्तर द्यायचं राहून गेलं, असं तो स्वतःला सांगत असे. खरं तर त्याने ते टाळलं होतं.

पत्रात गूढ असं काही नव्हतं. एका म्हाताऱ्या बाईंनी वर्तमानपत्रात त्याचा फोटो पाहून गिटार ओळखली होती, तारांखालच्या निळ्या पत्र्यावरून. मूळची पट्टी तुटल्यावर त्यांच्या नवऱ्याने बिस्किटाच्या डब्याचं झाकण कापून तिथे बसवलं होतं. ‘मागायला लिहीत नाही, घाबरू नका. मुलगा तेव्हा तान्हा होता. आमचे हे, दार लोटून घेऊन, वायर न लावता वाजवायचे. मी पलीकडच्या खोलीत असे. तिचा मोठा आवाज मी कधी ऐकलाच नाही. पुढे ती विकावी लागली. आता हेही नाहीत. तो बारीक आवाज एकदा ऐकवाल का? आमचा टेपरेकॉर्डर अजून चालतो.’

“तेच पत्र ना?” दारातून ताई म्हणाली.

“काय?”

“पत्र! पत्र म्हणतेय मी!” ती आत आली आणि त्याच्यासमोर उभी राहिली, म्हणजे त्याला तिचे ओठ दिसावेत. “त्या बाई काय जन्मभर वाट बघणारेत? दोन मिनिटांचं काम.”

“करतो.”

“करतो करतो करत वर्ष घालवलंस. अरे ठोंब्या, त्यांनी तुझी गिटार मागितली का? किडनी मागितली का?”

तो हसला. ताईपुढे हसण्यावारी नेणं सोपं होतं. मेहुणे गेल्यावर ती त्याच्याकडे राहायला आली आणि पहिल्या आठवड्यातच तिने ओळखलं: दाराची घंटा, कुकरची शिट्टी, यातलं काहीही त्याच्यापर्यंत पोचत नाही. “आयुष्यभर लोकांचे कान किटवलेस, आता भोग,” एवढं बोलून तिने विषय संपवला आणि कुणाकडे वाच्यता केली नाही. बँडमध्ये कुणाला पत्ता नव्हता. स्टेजवर ॲम्प्लिफायर पाठीशी असे, आवाज बरगड्यांत उतरे. ड्रमरच्या खांद्यांवरून ताल कळे. कान नसले तरी त्याचं भागत होतं. वायर काढली की मात्र ती गिटार त्याच्या लेखी लाकडाचा ओंडका होती. बाईंना नेमकं तेच हवं होतं: जो आवाज त्याला स्वतःलाच ऐकू येत नव्हता तो.

“मी टेप लावते,” ताई म्हणाली. “तू वाजव.”

“सूर लागलाय का ते कोण सांगणार?”

“मी आहे की.”

“तुला? शाळेत प्रार्थनेला तुला नुसते ओठ हलवायला सांगायचे.”

“म्हणूनच कान शाबूत राहिले,” म्हणत ती माळ्यावरचा रेकॉर्डर काढायला गेली.

त्याने नव्या तारा चढवल्या. फडक्याने अंग पुसता पुसता हात सवयीने वरच्या शिंगावर थांबला. गळ्याशी गिटारीच्या अंगाची दोन टोकं शिंगांसारखी पुढे येतात. त्यातल्या वरच्या टोकाचा रंग उडाला होता आणि लाकडात दातांच्या खुणा रुतल्या होत्या. जुन्या मालाच्या दुकानातून त्याने ती विकत घेतली तेव्हाच्याच. दुकानदाराला त्यांच्याबद्दल काही सांगता आलं नव्हतं. मग त्यानेच त्या खुणांवरून एक माणूस उभा केला: मोकाट केसांचा, बेभान, हजारो लोकांसमोर वेड्यासारखा गिटारीचा लचका तोडणारा. ही गोष्ट त्याने भेटेल त्या वार्ताहराला सांगितली आणि हळूहळू ती त्याला स्वतःला खरी वाटू लागली. प्रत्येक कार्यक्रमाच्या शेवटच्या गाण्यात तोही तिथेच दात रोवायचा. पोरं किंचाळायची. वर्तमानपत्रातला फोटो त्याच क्षणाचा होता.

ताईने रेकॉर्डर टेबलावर ठेवला, बटण दाबलं आणि बोट वर केलं.

त्याने तार छेडली. बोटाखाली ती थरथरली, पण ऐकू काही आलं नाही. मान वाकवून त्याने कान जवळ नेला. पुन्हा छेडली. तरीही काही नाही.

“छान येतंय,” ताई म्हणाली. तिचा चेहरा पाहून तो थांबला. शाळेत शिकवताना तिने त्याच चेहऱ्याने आयुष्यभर नापास मुलांना धीर दिला होता.

“राहू दे ताई.”

“बरं, चहा टाकते,” ती म्हणाली आणि त्याच्याकडे न बघता आत गेली. रेकॉर्डर बंद करायचं दोघांनाही सुचलं नाही.

तो तसाच बसून राहिला. मान अवघडली तशी हनुवटी शिंगावर टेकली, आणि बोट सहज तारेवरून गेलं तर जबड्यात काहीतरी गुणगुणलं. तो दचकला. पुन्हा छेडली. हाडातून येत होतं, बारीक, पण स्पष्ट. त्याने तोंड उघडून लाकूड दातांत धरलं, आणि कवटीभर सूर भरला. कितीतरी वर्षांत न ऐकलेली सगळ्यात पातळ तारसुद्धा. एक तार किंचित उतरलेली होती. त्याने खुंटी पिळून ती वर आणली. मग बोटं वाजवत राहिली, हळू, मग त्याहून हळू, कारण आता जोर लावायची गरजच नव्हती.

बऱ्याच वेळाने ताई कप घेऊन आली.

“झाला का रुसवा? वाजव की मग.”

त्याने तोंड बाजूला केलं. ओल्या लाकडावर दातांचे ठसे दिसत होते. त्याचे दात जुन्या खाचांत बसले होते.

“वाजवत होतो,” तो म्हणाला. “तुला ऐकू आलं नाही?”

“छे. मला वाटलं, बसलायस नुसता.”

तो त्या खुणांकडे बघत राहिला. मग अंगठ्याने त्या हलकेच पुसल्या, झोपलेल्याचं तोंड पुसावं तशा.

“ताई, पाळणा मधोमध असणार,” तो म्हणाला. “बापाच्या आणि दाराच्या.”

“कुठला पाळणा?”

“पत्रातल्या तान्ह्याचा. तो जागा होऊ नये म्हणून इतकं हळू.” त्याने रेकॉर्डर उचलून पलीकडच्या खोलीत नेला, पलंगावर उशाशी ठेवला आणि दार लोटलं, पुरतं नाही. परत येऊन बसला. ताईला काय उमगलं कोण जाणे, पण ती कप घेऊन तिथेच जमिनीवर बसली. त्याने लाकूड पुन्हा दातांत धरलं आणि वाजवू लागला.

टेप ऐकून तपासणं त्याच्या हातात नव्हतं. ताईने ऐकली. “खरखर आहे,” ती म्हणाली, “आणि खूप आत कुणीतरी आहे.”

चिठ्ठीला वेळ लागला. आधीचे कागद त्याने फाडले; त्यांत फार माफी होती आणि फार तो स्वतः होता. शेवटी उरलं ते थोडकं होतं: ‘तुम्ही असायचात तिथून टेप केलं आहे. यजमान दात लावून ऐकत असत. इतकं हळू वाजवायचं तर दुसरा इलाज नाही. त्या खुणा मी आजवर भलत्याच माणसाच्या समजत होतो.’

पोस्टात दुपारची गर्दी नव्हती. खिडकीतल्या बाईने पाकीट वजनकाट्यावर ठेवलं आणि काहीतरी विचारलं. त्याने कानामागे हात धरला. परक्या माणसासमोर असं पहिल्यांदाच.

“जरा मोठ्याने, बाई. मला ऐकू येत नाही.”

“आत काय आहे?” ती जवळजवळ ओरडली. “तुमचं काही मौल्यवान?”

“माझं नाही,” तो म्हणाला. “त्यांचंच आहे.”

तिने शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पिशवीत टाकलं.