दोन डोळ्यांची फुली

त्या गुरुवारी पिंपरी पेंढारच्या गेणभाऊंच्या स्वयंपाकघरात एवढी माणसे दाटली होती, की फ्रीजचे दार उघडायलाही जागा नव्हती. आणि सर्वांचे डोळे त्या दारावरच खिळले होते. पांढऱ्याशुभ्र पत्र्यावर काळी फुली होती आणि फुलीच्या वर, शेजारी शेजारी, दोन काळी टिंबे. देवऋषी जानकूबाबांनी तांब्याच्या गडूचे झाकण काढले, भगव्या फडक्यावर थोडे तीर्थ ओतले, झाकण लगेच घट्ट बसवले आणि ओठांतल्या ओठांत काही पुटपुटत फडके फिरवले. फुली गेली. टिंबे गेली. कापराचा घमघमाट तेवढा मागे राहिला.

"आगं बया!" शेजारच्या लंकाबाईंनी गालावर हात मारून घेतले. "राखंनं घासलं, चिंचंनं घासलं, साळुबाईचा काथ्या झिजला, पर डाग हलला न्हाई. आन् बाबांनी निस्ता हात फिरवला!"

"हात माझा न्हाई, बाई," बाबा नम्रपणे म्हणाले. "हात भीमाशंकराचा. मी निस्तं फडकं."

हे विधान अर्धे खरे होते, पण त्या वेळी ते कोणाच्या लक्षात आले नाही.

फडके झोळीत गेले. बाबांनी डोळे मिटले, ते पुन्हा उघडले तेव्हा त्यांत पुरेशी लाली आलेली होती. "ही साधी फुली न्हाई. भानामती हाय. वरती दोन डोळं दिसलं का? ती बघतीया. घरात नवं पाऊल कुणाचं?"

उत्तराची गरज नव्हती. साऱ्या माना दाराशी उभ्या असलेल्या मोहिनीकडे वळल्या. ती घरातली नवी सून. माहेर पेठचे, शिक्षण रसायनशास्त्रातल्या पदवीपर्यंत.

"पोरीचा दोष न्हाई," बाबा मायेने म्हणाले. "ती बया हिच्या पाठीमागनं आलीया. पुढच्या बेस्तरवारी हिला माहेरी धाडा. मी सांगंन तवाच आणा."

"आन् तुमी कवा सांगाल?" सासूबाईंनी, साळुबाईंनी, चाचरत विचारले.

"मी कोण सांगणार? भानामती सांगंल."

भानामतीच्या नावाने माहेरी पाठवलेली मुलगी परत येण्याचा मुहूर्त कोणत्याच पंचांगात नसतो, हे मोहिनीला पुरते ठाऊक होते. शिवाय माहेरी धाकटी बहीण लग्नाची होती. अशा घरी पुन्हा कोण पाहुणे येणार?

बाबांनी ओट्याखालच्या टाइलांवरच्या फुल्या पुसल्या, पाण्याच्या स्टीलच्या पिंपावरची पुसली. माजघरातल्या चुन्याच्या भिंतीपाशी मात्र ते थबकले. "हितं तिचं ठाणं हाय. हिला शेवटी बघू." मग प्रत्येकाच्या तळहातावर थेंब थेंब तीर्थ पडले.

"गारेगार वाटलं! किरपा!" लंकाबाई पुटपुटल्या.

मोहिनीच्या हातालाही ते गार लागले, आणि बोटे मिटेपर्यंत तळहात कोरडा झाला होता. तिने हात नाकाशी नेला. कापराच्या आड आणखी एक वास होता. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तीन वर्षे वावरलेल्या नाकाने तो ओळखला. पण ओळख पटणे आणि पटवून देणे यांत मोठे अंतर असते.

संध्याकाळी तिचा नवरा सुदर्शन अंगणात पिकअप धूत होता. ती बादली घेऊन शेजारी उभी राहिली.

"अहो, देवाची शक्ती टाइलवर चालते, स्टीलवर चालते, फ्रीजवर चालते. चुन्याच्या भिंतीपुढेच तिला काय होते?"

"भित जाड आसंल."

"आणि एकही फुली कमरेच्या वर का नाही?"

"भानामतीचं गुडघं दुखत आसतील," सुदर्शन म्हणाला. पण हसू अर्ध्यात विरले आणि त्याने पाइप बंद केला. "मला काय त्या बाबाचा पुळका न्हाई. पर आईला काय सांगू? डाग गेला, त्यो सगळ्यांनी डोळ्यानं बघितला."

"म्हणून तर सांगायचे नाही. दाखवायचे. मला मेडिकलमधून स्पिरिटची बाटली आणून द्या."

"कशाला? कुठं लागलं का?"

"लागायच्या आत लावायचे आहे."

स्पिरिट आले. मोहिनीने बाबांच्या नजरेतून सुटलेली एक फुली पुसून पाहिली आणि ती पुसली गेली. तरीही कोडे अर्धेच सुटले होते. डाग कशाने जातो ते कळले, पण तो येतो कोठून?

त्या दुसऱ्या अर्ध्या कोड्याचे उत्तर टोमॅटोने दिले. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या क्रेटांचे डोंगर लागतात. कोणाचे रिकामे क्रेट कोणाच्या गाडीत जाईल याचा भरवसा नाही. म्हणून तिथे येणारा प्रत्येक शेतकरी आपल्या क्रेटांवर आपली खूण काढतो. गेणभाऊंची खूण होती फुली आणि तिच्या खाली दोन टिंबे. अक्षरे हमालांना वाचावी लागतात, खूण नुसती दिसली तरी पुरते, असे त्यांचे मत होते आणि ते बरोबर होते.

त्याच आठवड्यात एके दिवशी अंगणात नव्या क्रेटांवर खुणा काढणे चालले होते. गेणभाऊ मांडी घालून बसले होते, पुढ्यात क्रेट, हातात जाड काळे मार्कर पेन. क्रेटच्या पलीकडे, त्यांच्यासमोर, प्राची बसली होती. ही त्यांच्या लेकीची, शीलाची मुलगी. शीला चाकणला कंपनीत कामाला होती, म्हणून चार वर्षांची प्राची आजोळीच वाढत होती. मार्करचे टोपण सांभाळणे हे तिचे काम, आणि त्या कामाचा तिला भारी अभिमान होता.

मोहिनी क्रेट उचलायला प्राचीच्या मागून आली, खाली वाकली आणि तशीच थांबली. प्राचीच्या बाजूने क्रेट उलटे दिसत होते. फुली, आणि वर दोन डोळे.

दुपारी तिने प्राचीला पाटी दिली. "आबांची खूण काढून दाखव बरं."

जीभ ओठांच्या कोपऱ्यात धरून प्राचीने आधी दोन टिंबे दिली, मग खाली फुली मारली. कित्येक दिवस घराला धाक घालणारी भानामती पाटीवर प्रसन्न होऊन बसली.

मोहिनी पाटी घेऊन उठली आणि उंबऱ्याशी थांबली. हे आत्ताच सांगितले तर बाबा काय म्हणणार, हे तिला ऐकू येऊ लागले: 'पोरीच्या अंगात शिरलीया!' सुनेवरचे बालंट नातीवर जायचे. तेव्हा आधी तीर्थाचे बिंग फोडायचे, मगच फुलीला हात घालायचा. तिने पाटी पुसली.

पुढचा गुरुवार उजाडला. मोहिनीची तांबडी रेक्झिनची बॅग माळ्यावरून उतरली आणि भरून ओसरीवर उभी राहिली. बघ्यांची गर्दी आधीच्यापेक्षा जास्त होती. कोणाची बॅग जाताना पाहणे हाही गावात एक कार्यक्रम असतो. साळुबाईंनी डोळ्यांना पदर लावला होता. जानकूबाबा पाटावर विराजमान झाले.

"बाबा, निघण्यापूर्वी एक शंका," मोहिनी म्हणाली. तिने नवी स्टीलची परात सर्वांपुढे धरली आणि सासऱ्यांच्या मार्करने तिच्यावर दोन फुल्या काढल्या. "ह्या तर मी काढल्या, भानामतीने नव्हे. यातली एक आमच्या हंड्यातल्या पाण्याने पुसून दाखवा. मंत्र तोच म्हणा."

"मंत्र पाण्यात उतरत न्हाई," बाबा गुरगुरले.

"मग शक्ती मंत्रात नाही, गडूत आहे. आबा, गडू देता?"

गेणभाऊ मितभाषी होते, पण हात लांब होता. बाबा झाकणावर पंजा ठेवेपर्यंत गडू सुनेकडे पोहोचला. मोहिनीने फडके भिजवले, डोळे मिटले आणि गंभीर आवाजात सुरुवात केली, "खेड, पेठ, मंचर, कळंब, नारायणगाव, आळेफाटा..."

फुली गेली.

"ह्यो कुठला मंतर गं?" लंकाबाईंनी हात जोडून विचारले.

"एसटीचा, मावशी."

ओसरीवर पहिले हसू फुटले. मोहिनीने वाटीत चमचाभर तीर्थ घेतले, गडू झाकून दूर नेऊन ठेवला आणि वाटीला काडी लावली. निळसर ज्योत अलगद नाचू लागली.

"पेटलं! जागृत हाय बगा!" लंकाबाई पुन्हा हात जोडू लागल्या.

"मावशी, गंगेचे पाणी कधी पेटलेले पाहिले आहे का?"

लंकाबाईंचे हात अर्ध्यावर थांबले. ज्योत विझल्यावर सुदर्शनने मेडिकलमधली बाटली पुढे केली. मोहिनीने त्यात कापराच्या वड्या टाकल्या, त्या विरघळल्या, आणि परातीवरची दुसरी फुलीही एका फटक्यात गेली.

"हे इंजेक्शनच्या आधी दंडावर चोळतात ते स्पिरिट," ती म्हणाली. "मार्करची शाई पाण्यात विरघळत नाही, म्हणून आईंचे हात सोलले तरी डाग गेला नाही. स्पिरिटमध्ये ती विरघळते. ते लगेच उडून जाते, म्हणून हाताला गार लागते आणि म्हणूनच बाबा झाकण उघडे ठेवत नाहीत. कापूर आहे तो फक्त वास झाकायला. गुळगुळीत पृष्ठभागावर शाई वर बसते, तिथे चमत्कार होतो. चुन्याच्या भिंतीत ती मुरते, तिथे फडके मारले तर नुसता पसरट डाग होईल. तेच ते ठाणे."

"पर फुल्या काढल्या कुणी?" बाबा उसळून उभे राहिले. एवढ्यात त्यांची नजर ओसरीच्या टोकाला गेली आणि चेहरा उजळला. "बघा, बघा! हिच्या बॅगंवर बी उठली!"

तांबड्या रेक्झिनवर ताजी फुली होती. वर दोन डोळे. लंकाबाई किंचाळून मागे सरल्या. ही फुली मोहिनीलाही नवी होती. मग तिने एक रिकामे क्रेट ओढले आणि बॅगेशेजारी उलटे ठेवले. दोन्ही खुणा तंतोतंत एक.

"आरं, ही तर माझी खूण!" गेणभाऊ म्हणाले.

"हो आबा. तुमच्या समोर बसून शिकलेली, म्हणून उलटी." ती खाली बसली. "प्राची, बॅगेवर खूण कोणी काढली?"

"मी," प्राची तत्परतेने म्हणाली. तिच्या मुठीत टोपण होतेच. "फ्रीजवर बी मीच. भितीवर बी. आपलं हाय ना सगळं!"

"आणि बॅगेवर का गं?"

एवढे साधे कसे कळत नाही, अशा नजरेने तिने मामीकडे पाहिले. "क्रेट बाजारात जातंय, पर खूण आसली की घरी परत येतंय. आबा म्हणत्यात. तू बी यायची परत."

साळुबाईंच्या डोळ्यांवरचा पदर तसाच राहिला, पण त्यामागचे कारण बदलले होते. त्या उठल्या, बॅग उचलली आणि आत नेऊन ठेवली.

"मोहिने," त्या आतूनच म्हणाल्या, "चहा टाक. आन् त्या बाबाला इचार, साखर किती."

बाबा चहाला थांबण्याच्या मनःस्थितीत नव्हते. पण सुदर्शन दारातच उभा होता, एका हातात चुन्याची बादली, दुसऱ्या हातात कुंचला. "बाबा, तेवढी भित राह्यली न्हवं? ठाणं उठवून जावा, राव. मंत्र म्हणा, न्हाईतर नका म्हणू."

जानकूबाबांनी भिंतीला दोन हात चुना दिला. काम नीटस झाले. त्यांच्या हातात कसब होते, हे सर्वांनी मान्य केले.

इतर फुल्यांचा निकाल त्याच संध्याकाळी लागला. स्वतः साळुबाईंनी खिडक्या उघडल्या, गॅस बंद आहे याची खात्री केली आणि कापसाच्या बोळ्याने साखरेच्या डब्यावरची, पिठाच्या डब्यावरची, खिडकीच्या खालच्या काचेवरची फुली पुसली. लाकडी कपाटाशी मोहिनीने त्यांचा हात धरला. स्पिरिटने डागाबरोबर पॉलिशही निघाले असते. साळुबाईंनी कारण विचारले, मोहिनीने सांगितले. त्या घरात 'का?' हा प्रश्न सासूने सुनेला विचारण्याचा तो पहिला प्रसंग, आणि खरा चमत्कार शोधायचाच असेल तर तो येथे शोधावा.

जे समजत नाही ते अद्भुत असतेच असे नाही; पुष्कळदा ते केवळ न विचारलेले असते. डाग पुसला, तर कशाने पुसला, कुठे पुसला आणि कुठे पुसता आला नाही, हे तीन प्रश्न विचारायला पदवी लागत नाही. ते वेळेवर विचारले नाहीत, तर मात्र एखाद्या लेकीची बॅग दाराबाहेर जाते आणि माणसे हात जोडून बघत राहतात.

तांबड्या बॅगेवरची फुली तेवढी राहिली. बाटलीत स्पिरिट उरलेले होते, बोळाही ओला होता. पण साळुबाईंनी मोहिनीचा हात अडवला.

"ऱ्हाऊ दे ती," त्या म्हणाल्या. "आपल्या घरची खूण हाय."