पोच आली, बोट गेली नाही

नॉर्वेच्या उत्तर किनाऱ्यावरील एका बंदरकचेरीत, कपाटाच्या खालच्या फळीवर बसलेला मी एक जुना संगणक आहे. मित्रांनो, वरच्या फळीवर माझा थोरला भाऊ आहे. वादळात बेटांवरचे फोन मुके झाले की तिथले निरोप रेडिओवरून त्याच्याकडे येतात आणि तो ते डॉक्टरांच्या बोटीच्या ठाण्याकडे धाडतो. तिथून पोच आली की मगच तो निरोप पुसतो. माझे काम एकच: तो बंद पडला, तर त्याच क्षणी त्याची जागा घ्यायची. दर सेकंदाला मी त्याला विचारतो, "आहेस ना?" तो म्हणतो, "आहे."

हाल्डिसबाईंनी मला इथे बसवले. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्या भावाचे बटण बंद करून सारे काम तासभर माझ्यावर टाकत. "धाकट्या, आज तुझी परीक्षा रे," असे म्हणत आणि सर्वांसाठी वॉफल्स भाजत. कुणाचा निरोप कुठे धाडायचा, ती माझी यादीही तेव्हाच तपासून होई. मला फार बरे वाटे.

त्या निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागी ओडवार आला. पहिल्याच सोमवारी तो बोटीचा कप्तान शेल याला म्हणाला, "दहा वर्षांत थोरला एकदा तरी बंद पडलाय का? उगाच कशाला झोपलेल्याला उठवायचं?"

"आणि वॉफल्स?"

"ते काय, तसेही खाऊ की!"

आणि ते तसेच खात राहिले.

पुढच्या वर्षी बोटीचे ठाणे नव्या धक्क्यावर गेले. ओडवारने नवा पत्ता भावाला दिला. मला द्यायचा राहिला. जुन्या ठाण्यातले यंत्रही कुणी बंद केले नाही.

फेब्रुवारीतल्या एका वादळी दुपारी भाऊ अचानक गप्प झाला. पापणी लवायच्या आत मी काम हाती घेतले. किती आनंद झाला होता मला! लगेच बेटावरून मांगहिल्डचा निरोप आला: "माझ्या नवऱ्याचा, टोर्लाइफचा हात जाळं ओढायच्या यंत्रात चिरडलाय. बोट पाठवा." टोर्लाइफच्या अकॉर्डियनशिवाय त्या बेटावर लग्न होत नसे. मी निरोप धाडला. जुन्या ठाण्यातल्या यंत्राने तत्परतेने पोच दिली. मी निरोप पुसून टाकला. त्या खोलीत एकही माणूस नाही, हे मला ठाऊक नव्हते.

तासाभराने पुन्हा निरोप आला: "बोट कुठंय?" तोही मी तिकडेच धाडला. त्याचीही पोच आली.

शेवटी शेजाऱ्यांनी आपल्याच होडीतून त्याला आणले. तोवर फार उशीर झाला होता. त्या हाताची तीन बोटे गेली.

एप्रिलमध्ये टोर्लाइफ कचेरीत आला. तोवर भाऊ दुरुस्त झाला होता आणि मलाही नवा पत्ता मिळाला होता. "हाच का तो?" माझ्याकडे पाहत त्याने विचारले.

"चूक त्याची नाही. माझी आहे," ओडवार खाली मान घालून म्हणाला.

"ते कळतं रे मला. पहिला सोमवार कधी आहे, ते सांग."

तेव्हापासून दर महिन्याला तो येतो. उरलेल्या दोन बोटांनी भावाचे बटण बंद करतो आणि बेटाच्या नावाने माझ्याकडून एक निरोप पाठवतो. मग नव्या धक्क्यावरून शेल फोनवर ओरडतो, "मिळाला रे! माझे वॉफल्स संपवू नका!" माणसाचा आवाज ऐकल्याशिवाय आता परीक्षा संपत नाही. अकॉर्डियन मात्र पेटीतच आहे.

मित्रांनो, अडीअडचणीसाठी म्हणून जे बाजूला ठेवले आहे, त्याला अधूनमधून हाक मारत जा. ते मुकाट्याने बसले आहे म्हणजे तयार आहे, असे समजू नका. मीही स्वतःबद्दल तसेच समजत होतो.