कल्पेशची साखर

"नवरा आमचा गो, खांद्यावर मांडव पेलील गो!" लग्नात विधींची गाणी म्हणणारी म्हातारी धवलारीण गायली, तेव्हा किडकिडीत कल्पेश लाजून हसला होता. तो जुना आवाज आज बदलापूरच्या दवाखान्यात जिज्ञासाच्या कानात घुमत होता. समोर तोच कल्पेश पडला होता, जिममध्ये घडवलेलं दांडगं शरीर घामानं निथळत, बेशुद्ध.

"ग्लुकोज चढवतोय, तरी साखर पुन्हा पुन्हा उतरतेय," डॉक्टर म्हणाले. "डायबेटिसचं काही औषध घेतात का? लवकर सांगा, मेंदूला धोका आहे."

"आमचे घरान कोनाला शुगर नाय!" सासरे चंदर गरजले. "पोऱ्याला नजर लागलीय, दुसरा काय!"

कुणाला सांगू नकोस म्हणून कल्पेशनं जिज्ञासाला पोटातल्या बाळाची शपथ घातली होती. शपथ मोडली तर बाळाचं काय होईल, आणि पाळली तर बाळाच्या बापाचं?

कल्पेशला झटके येऊ लागले. तिनं पोटावर हात घट्ट धरला.

"डॉक्टर, अंग भरावं म्हणून इन्सुलिन घेतात हे," ती म्हणाली. "आज सकाळी मीच टोचलंय."